अमेरिका चालते

शुक्रवार, ५ सप्टेंबर २०२५

आजचा आतला माणूस न्यू जर्सीहून बोलला. किती आतला? हे गृहस्थ दवाखान्यांना बिलांचं सॉफ्टवेअर विकतात आणि यांचा शेजारी कुठल्याशा सिनेटरच्या प्रचारसभांना खुर्च्या पुरवतो. एवढ्या भांडवलावर त्यांनी पाऊण तास वॉशिंग्टन चालवलं. मधूनमधून आवाज खाली आणून म्हणायचे, "हे माझ्या नावावर कुठे सांगू नका." सांगणार कुणाला? मस्कतमध्ये, माझ्या घुब्र्यातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये डझनभर माणसं, त्यातली निम्मी उपम्यात.

मीच उद्या विसरेन म्हणून लिहून ठेवते, हा शुक्रवारचा कट्टा सुरू कसा झाला ते. गेल्या वर्षीच्या निवडणुकांत आमच्या मस्कतच्या मराठी मंडळींची दोन शकलं झाली. भारतातल्या निवडणुका, मतदानाला इथून कोणी गेलं नाही, पण हळदीकुंकू दोन ठिकाणी झालं. तेव्हा यशवंतरावांनी तह घडवला. हे रुसैलच्या एका प्लास्टिक कारखान्यात हिशेब बघतात आणि उरलेल्या वेळात आमच्यावर लक्ष ठेवतात. तहाची कलमं दोन. भारत नको, कारण भांडणं होतात. ओमान नको, कारण आपण पाहुणे, आणि पाहुण्याने यजमानाच्या स्वयंपाकावर बोलू नये. मग बोलायचं कशावर? मुलांच्या मार्कांवर किती बोलणार? कोणीतरी म्हणालं, अमेरिका चालते. अमेरिका सगळ्यांना चालली. प्रत्येकाचं कोणी ना कोणी तिथे आहे, आणि ज्याचं नाही त्याचं व्हिसाच्या रांगेत आहे. शिवाय आमच्याकडे शुक्रवारची सुट्टीची सकाळ असते तेव्हा त्यांची गुरुवारची रात्र असते. दमलेला माणूस खरं बोलतो, अशी आमची समजूत.

जागा माझी, कारण घरात नवरा नाही, मुलं नाहीत, सोफे रिकामे. रेकॉर्डिंगही माझंच. दुक्म, सोहार, सलाला अशा लांबच्या गावांतली मंडळी येऊ शकत नाहीत, त्यांना दुपारी पाठवायचं. पाठवण्याआधी मी बसून ओमान आणि भारत कापते. कोणी बोलता बोलता घसरतंच. कापून झालं की मूळ फाइल पुसून टाकते. एका कंपनीचं मासिक वीस वर्षं सांभाळल्यावर माणसाला दुसरं काय येणार? साहेबांच्या भाषणातलं नको ते काढणं हाच माझा धंदा. आजपर्यंत एक तक्रार नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आज रेखा म्हणून एक बाई. निवडणुकीत दारोदार फिरणारी कार्यकर्ती. चांगली बोलली. लोक दार उघडत नाहीत, कुत्रा सोडतात, म्हणाली. यशवंतरावांना कुत्र्यांत रस नव्हता. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "हे सगळे बाहेरचे. आतला माणूस आपल्याकडे एकच आहे." आणि ललिताकडे पाहिलं.

ललिता माझ्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले खाली राहते. नवरा उत्तम दुक्मला रिफायनरीच्या प्रोजेक्टवर, महिन्यातून दोनदा सहा-सात तास गाडी हाकत घरी येतो. एकुलता एक मुलगा कौशिक. जन्म मस्कतचा, शाळा मागच्या गल्लीतली, आणि आता तिकडे एका राज्याच्या आरोग्य खात्यात कंत्राटावर आहे. काम काय, तर कुठे किती जणांना गोवर झाला ते मोजणं. अमेरिकेत गोवर? मीही असंच विचारलं होतं.

"त्याला नाही जमायचं," ललिता म्हणाली आणि कप गोळा करायला लागली. निम्म्यांचा चहा व्हायचा होता.

कौशिक डिसेंबरात दोन आठवडे येणार आहे. चार वर्षांनी. व्हिसाच्या भानगडीत तीनदा तिकीट रद्द झालं. ललिताने त्याच्या खोलीसाठी नवी गादी आणली आहे आणि तिचं प्लास्टिक काढायचं नाही असं ठरवलं आहे. ते तो आल्यावर काढायचं.

बुधवार, २४ सप्टेंबर

उत्तमचा दुक्महून फोन. हा माणूस माझ्याशी वर्षातून एकदा बोलतो, दिवाळीला.

"संध्याताई, पोराला बोलवा ना कट्ट्यावर. इथे कॅम्पात सगळे ऐकतात तुमचं. खुर्चीवाल्याचं ऐकून हसतात. त्यांना जरा कळू दे, आपलंही पोरगं काहीतरी आहे."

"ललिता नको म्हणते."

"ती सगळ्यालाच नको म्हणते. मला दुक्मलाही नको म्हणाली होती."

त्यात तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

कट्टा कोरडा. कोणी आतला मिळाला नाही. यशवंतरावांनी स्वतः अमेरिकेच्या कर्जावर भाषण केलं. बाहेर अजून दमट आणि आत तेच.

संध्याकाळी कौशिकने फोन केला. त्याचं मराठी सावकाश चालतं, नव्या गावात पत्ता शोधत गेल्यासारखं. "मावशी, बाबांनी खूपदा सांगितलं. मी करतो. पण तुम्ही रेकॉर्ड करता ना?"

"करते. पण काळजी करू नकोस, अडचणीचं सगळं मी कापते. माझा हात बसलाय."

"शुअर? म्हणजे आत्ता इकडे थोडं… वातावरण असं आहे ना."

"अरे, वीस वर्षं हेच करते मी."

तो हसला. "मग ओके."

शुक्रवार, १० ऑक्टोबर

आज बोलला. हॉल भरला. ललिताने साबुदाण्याचे वडे आणले आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. बस म्हटलं तर बसली नाही.

पोरगं स्क्रीनवर थकलेलं दिसत होतं. दाढी नीट केलेली नाही, मागे भिंतीला टेकवलेली सायकल. यशवंतरावांनी ओळख करून दिली त्यात तो जवळजवळ आरोग्यमंत्री झाला.

मग बोलायला लागला. आधी आम्हाला खूश करेल असं काहीच नाही. कुठल्या गावात लस घेत नाहीत, का घेत नाहीत, शाळेत एक मूल खोकलं की काय होतं. म्हणाला, "लोक वाईट नाहीत. ते आई-बाप आहेत, घाबरलेले. ओरडलं की आणखी घाबरतात. मी फोन करतो तेव्हा आधी त्यांच्या मुलाचं नाव विचारतो."

यशवंतरावांनी सरळ प्रश्न टाकला, "आतली गोष्ट सांग. आकडे खरे किती?"

त्याने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, गोवराचे आकडे आता रोज बाहेर जात नाहीत. वेबसाइटवरचं पान बंद केलंय. पेपरवाल्यांचे फोन आले तर बोलू नका असं सांगितलंय. आमच्या टीममध्ये अर्धी माणसं राहिलीत.

हॉलमध्ये तो आवाज झाला, पोटभर जेवल्यावर होतो तसा. मिळाली एकदाची आतली गोष्ट.

त्यानंतर तो आणखी बोलला. म्हणाला, "इंडियात आकडे लपवतात असं तुम्ही सगळे म्हणता ना, तसं इथे नाहीये, अंकल. माझ्या ऑफिसात कोणी लपवत नाही. माझी बॉस एकेक माणसासाठी वरती भांडली. पान बंद आहे कारण ते रोज भरायला माणसं नाहीत. अर्धवट आकडा टाकण्यापेक्षा न टाकलेला बरा, असं ती म्हणाली. मला ते पटलं." आणि मग हसून, "मला हे काम का आवडतं माहितीये? आमच्या शाळेत, तिकडे मस्कतला, लस द्यायला सिस्टर यायच्या. ओमानी होत्या. सगळी लाइन रडायची. त्या प्रत्येकाला नाव विचारायच्या, नीट उच्चार येईपर्यंत परत परत म्हणायच्या. कौशिक म्हणायला त्यांना इतका वेळ लागला की तोपर्यंत टोचून झालं होतं. मी फोनवर तेच करतो."

स्वयंपाकघराच्या दारात ललिता पदराने चष्मा पुसत होती. वड्यांच्या वाफेने, म्हणाली. वडे केव्हाच थंड झाले होते.

दुपारी कापायला बसले. शेवटचा सगळा भाग गेला. भारत आणि लगेच ओमान, एकाला एक लागून, मधून कात्री घालायला जागाच नव्हती. वाईट वाटलं, सिस्टरची गोष्ट छान होती. पण इथल्या सरकारी माणसाचा उल्लेख, चांगला असला तरी, नको. बाकी सगळं स्वच्छ. पाठवलं. मूळ पुसलं.

खाली जाऊन ललिताला सांगितलं, "निश्चिंत राहा. एक शब्द वावगा ठेवला नाही."

"नक्की ना गं?"

"भारत नाही, ओमान नाही. अजून काय पाहिजे?"

मी जिना चढेपर्यंत ती दारातच उभी होती. ही बाई उगाच काळजी करते.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

कट्ट्याची कीर्ती वाढली. सोहारहून, सलालाहून, चक्क नाशिकहून निरोप. उत्तमने ते रेकॉर्डिंग त्याच्या शाळेच्या ग्रुपवर, चुलत भावांच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि कुलदैवताच्या ग्रुपवर पाठवलं आहे. खाली ‘आमचा कौशिक’ आणि हात जोडलेले. दुक्मच्या कॅम्पात त्याला आता डॉक्टरचे वडील म्हणतात. पोरगा डॉक्टर नाही हे त्याने अजून कोणाला सांगितलेलं नाही.

यशवंतराव म्हणाले, "आपण पातळी गाठली." पराठ्यात चीज आणि चिप्स गुंडाळून खात होते, त्यामुळे पातळी नीट ऐकू आली नाही.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

ऑफिसातून येते तर ललिता माझ्या दाराशी. आत ये म्हटलं, आली, बसली नाही.

कोणीतरी ते रेकॉर्डिंग कौशिकच्या ऑफिसात पाठवलं आहे. खाली इंग्रजी भाषांतरासकट. ‘पान बंद केलंय, बोलू नका असं सांगितलंय.’ एवढंच. त्यासाठी ते मराठी कळणाऱ्या कोणाच्यातरी हातात पडायला हवं होतं, आणि तो माणूस कौशिकच्याच गावातल्या मराठी मंडळातला निघाला. तिकडेही दोन हळदीकुंकवं असतात, हे माझ्या कसं लक्षात आलं नाही?

कौशिकला चौकशीला बोलावलं आहे. बॉसलाही.

"तू म्हणालीस कापलं."

"कापलं गं. भारत, ओमान…"

"तो तिथे राहतो, संध्या. तिथे."

एवढं बोलून ती गेली. मी चहा ठेवला आणि गॅस लावायला विसरले.

बुधवार, २९ ऑक्टोबर

झोप नाही. मला चौकशीला कोण बोलावणार आहे? मी साहेबांच्या वाक्यांतून धोका काढते आणि सावधगिरी घालते. मला कळतं कुठे काय बोलू नये. इथे बोलू नये, तिथे बोलू नये. अमेरिकेत काहीही बोलावं. तिथे चालतं. हे आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलंय. ऐकलंय म्हणजे काय, घोटलंय.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

कट्ट्याला फक्त पुरुष आले. यशवंतरावांनी सुरुवातीलाच सांगितलं, "एक गोष्ट स्पष्ट असू दे. आपला कोणताही नियम मोडला गेलेला नाही."

"खरंय," मी म्हटलं. "आणि पोराची नोकरी जाणार आहे."

"त्याचं दुःख आहेच. पण पाठवणारा बाप आहे, संध्याताई. आपण नाही."

आणि हे खरंही आहे, म्हणूनच मला त्याची चीड आली. "पाठवायला उत्तमला मिळालं कुठून, यशवंतराव? आणि प्रश्न कोणी विचारला होता?" पुढचा आतला माणूस कोण, असं कोणीतरी विचारलं. त्यावर मी सगळ्यांचे कप उचलले. चहा व्हायचा होता.

बुधवार, ५ नोव्हेंबर

कौशिकचा फोन. आवाज शांत, त्याचीच भीती वाटली.

"मावशी, ते पूर्ण रेकॉर्डिंग आहे का? अनकट? लॉयर म्हणतोय, मी त्यानंतर जे बोललो ते पण दाखवलं तर… म्हणजे मी म्हणालो होतो ना, कोणी लपवत नाही, बॉस भांडली, वगैरे. तिच्यासाठी पण हवंय."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला. त्याच वाक्यात ‘इंडियात’ होतं आणि पुढच्यात मस्कत. जेवढं त्याला वाचवणारं होतं तेवढं सगळं मी काढलं. आणि मग जबाबदार बाईसारखं पुसून टाकलं.

"पुसलं का?"

"हो रे."

"रिकव्हर नाही होणार?"

ऑफिसातल्या इरफानला फोन दाखवला होता, हा आमचे सगळे बिघडलेले कॉम्प्युटर बघतो. त्याने तासभर खटपट करून मान हलवली होती. "खलास, मॅडम," एवढंच. मी कौशिकला तेच सांगितलं.

"ओके," तो म्हणाला. "बहुतेक काही फरक पडला नसता, मावशी."

त्याला तसं वाटत होतं की मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, हे मला कळलं नाही. आईवर गेलाय.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

त्या दिवशी हॉलमध्ये बसलेल्या दहा-बारा जणांनी कौशिकचं बोलणं पूर्ण ऐकलं होतं. मी सगळ्यांना विचारलं, लिहून सही करून द्याल का, तो काय म्हणाला ते. सगळे इन्शाल्ला म्हणाले. सही केली फक्त ललिताने, आणि आईची सही कोण धरतं? यशवंतरावांनी तीन दिवसांनी कळवलं, दुसऱ्या देशाच्या सरकारी चौकशीत आपण परदेशी माणसांनी पडावं का याचा विचार चालू आहे.

मी एकटीने माझ्या सहीचं पत्र त्याच्या ऑफिसला पाठवलं. पोच आली नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

काहीच नाही. लिफ्टमध्ये ललिता भेटली. हवा छान झाली, म्हणाली. झाली, मी म्हटलं. दोन मजले एवढंच.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

कंत्राट संपवलं. कारण म्हणून कट्ट्याचं नाव नाही, निधी नाही असं लिहिलंय. खरंही असेल. अर्धी माणसं आधीच गेली होती. बॉसचं काय झालं ते त्याला माहीत नाही. काम गेलं की ठरलेल्या मुदतीत दुसरं शोधायचं, नाहीतर देश सोडायचा. आरोग्य खात्यांत सध्या कोणी कोणाला घेत नाही.

ललिता स्वतः वर आली हे सांगायला. आज बसली.

"डिसेंबरचं तिकीट होतंच," ती म्हणाली. "तेच वापरतोय. फक्त परतीचं रद्द केलं."

मी म्हटलं, "म्हणजे राहील आता तुझ्याजवळ."

"कसा राहील? एवढ्या मोठ्या मुलाला बापाच्या व्हिसावर ठेवता येतं का? व्हिजिटवर येईल. महिनाभर. मग पुण्याला दिराकडे." तिने पदर सारखा केला. "पुण्यात त्याचं कोणी ओळखीचं नाही गं. मे महिन्यात जायचो तेवढंच."

जन्म इथला, शाळा इथली, दुधाचे दात इथल्या मातीत, आणि इथे तो व्हिजिटवर. यावर बोलायचं नाही हे दुसरं कलम आहे.

मंगळवार, ९ डिसेंबर

आला. मी विमानतळावर गेले नाही. संध्याकाळी खालून प्लास्टिक टरकावल्याचा आवाज येईल म्हणून कान देऊन बसले होते. दोन मजल्यांवरून काय येणार.

शुक्रवार, १९ डिसेंबर

कट्टा भरवायचा नाही असं मी ठरवलं होतं. ललिताचाच निरोप आला. "आम्ही येतोय. पोहे माझे."

तिघेही आले. उत्तम दुक्महून सुट्टी काढून आला आहे. दाराजवळची खुर्ची धरून बसला, फोन खिशात, हात खिशावर. कौशिक सोफ्यावर. बाकीची मंडळी एकेक करून आली आणि त्याला पाहून पोह्यांबद्दल बोलू लागली. वर्षभर आतला माणूस शोधत होतो आणि आज तो चार फुटांवर बसला होता, तर एकाला प्रश्न सुचेना. कोणीतरी हवामान काढलं. तेही ओमानचं निघालं, म्हणून सोडून दिलं.

मी रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि चालू केला. सवय नव्हे. मुद्दाम.

"कौशिक," मी म्हटलं, "ती सिस्टरची गोष्ट सांग. शाळेतली."

यशवंतरावांनी मान वर केली. पोराने आईकडे पाहिलं.

"ती मी ऑलरेडी सांगितली होती ना, मावशी."

"मी कापली होती. परत सांग."

सांगितली. रांग, रडणं, ते नाव. या वेळी मराठी जरा अडखळलं, झोप नीट होत नसावी. सांगून संपलं तेव्हा ललिता म्हणाली, "रांगेत हाच सगळ्यात मोठ्याने रडत होता. आणि टोचून झाल्यावर सिस्टरना चावला."

"आई, मी नाही चावलो."

"चावलास. घरी चिठ्ठी आली होती. मी डबा घेऊन माफी मागायला गेले तर त्या हसत होत्या. म्हणाल्या, नाव आता विसरणार नाही."

सगळे हसले. उत्तमही, पण लगेच थांबला. मग एकाने आपल्या मुलीचा इथला डॉक्टर काढला, कोणीतरी गावच्या आरोग्य केंद्रातला बंद पडलेला फ्रिज काढला, आणि बघता बघता भारत, ओमान, सगळं हॉलभर सांडलं. भांडण एकच झालं, तेही पोह्यांत बटाटा घालावा का यावर.

यशवंतराव रेकॉर्डरकडे बघत होते. "संध्याताई, हे…"

"चालू आहे," मी म्हटलं.

त्यांनी रिकामी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "आमच्या धाकटीला इथल्या सरकारी हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. तेव्हा एका नर्सने…" ललिताने त्यांच्या पुढ्यात पोहे वाढले.

जाताना उत्तम मागे रेंगाळला. बूट घालायला खाली बसला आणि नाड्यांशीच बोलल्यासारखा बोलला.

"ताई, ते आजचं मला पाठवाल? कॅम्पात रात्री ऐकायला. पुढे नाही पाठवणार कोणाला."

सगळे गेल्यावर पाठवलं. कुठेही न कापता, भांड्यांच्या आवाजासकट. फाइल पुसायची का, असं फोनने विचारलं.

नाही म्हटलं.